मास्तर टरेनिंगले गेले

जळगाव जामोद तालुक्यातल्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत भरदुपारी चारही वर्गांची पोरं एकाच खोलीत दाटीनं बसलेली दिसली, तर कारण विचारायला मुख्याध्यापकांपर्यंत जावं लागत नाही. पारावरचा कोणीही सांगतो, "एक मास्तर टरेनिंगले गेले बाप्पा." बोलीचा फरक सोडला तर हे वाक्य महाराष्ट्रातल्या गावोगावी गेली तीस-पस्तीस वर्षं ऐकू येतं आहे. त्यामागे एक रास्त प्रश्न आहे. मास्तर इतक्या वेळा शिकायला जातात, मग परत आल्यावर वर्गात काय बदलतं?

पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला आजवरची प्रशिक्षणं मोजायला सांगितली तर बोटं पुरणार नाहीत. त्यातली बरीचशी त्याला आवडलेलीही असतात. हजेरीवर सही, पूर्वचाचणी, एखादं कृतिगीत, गटकार्य, चार्टपेपर, सादरीकरण, टाळ्या, उत्तरचाचणी, ग्रुपवर फोटो आणि शेवटी अभिप्रायाच्या लिंकवर 'उत्कृष्ट'. तो अभिप्राय खोटा नसतो. माणूस खरोखर चार नव्या गोष्टी ऐकून हुरूप घेऊन येतो. पण पंधरा दिवसांनी वर्गात डोकावलं तर फळ्यावरून 'लिहून घ्या' चाललेलं असतं आणि 'समजलं का?' या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात 'हो सर' म्हणत असतो.

यावर दोन उत्तरं तयारच असतात. गावकऱ्यांच्या मते मास्तर कामचुकार, आणि मास्तरांच्या मते प्रशिक्षण फुकाचं. दोन्हींत थोडंफार तथ्य आहे, पण तेवढ्यानं कोडं सुटत नाही. मेहनती शिक्षक आणि चांगलं प्रशिक्षण एकत्र आलं तरी पुष्कळदा काहीच हलत नाही. शिकलेली गोष्ट शिक्षकाच्या हातात कशी उतरते आणि कुठे अडते, हे पाहिल्याशिवाय या न हलण्याचा उलगडा होत नाही.

डी.एड.च्या आधीचं डी.एड.

वकिलानं लहानपणी कोर्ट पाहिलेलं असेलच असं नाही. शिक्षकानं मात्र नोकरी लागण्याआधी आपला व्यवसाय हजारो तास समोर बसून पाहिलेला असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली 'स्कूलटीचर' या पुस्तकात हा मुद्दा मांडला. शालेय शिक्षण संपेपर्यंत मूल शिक्षकांच्या सहवासात सुमारे १३ हजार तास घालवतं, असा त्यांचा हिशेब होता. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला ८०० आणि सहावी ते आठवीसाठी १,००० तास ठरवले आहेत. म्हणजे आठवीपर्यंतच ७,००० तास होतात. त्यापुढे पाच दिवसांच्या प्रशिक्षणाचे तास तीस.

या हजारो तासांत मुलाला शिक्षक दिसतो तो समोरून. तो काय करतो हे दिसतं, ते का करतो हे दिसत नाही. बाईंनी आज हाच प्रश्न आधी का विचारला, मागच्या बाकावरच्या मुलीला उत्तर का देऊ दिलं नाही, हा विचार बाईंच्या डोक्यात होऊन गेलेला असतो. मुलाकडे उरतात त्या लकबी: फळ्याशी उभं राहणं, धडा वाचून दाखवणं, चुकलेल्याला उभं करणं. पुढे तेच मूल शिक्षक होतं, आणि दोन वर्ग, पोषण आहार आणि बाहेर ताटकळणारे पालक एकाच वेळी अंगावर आले की त्याच्या हातून आपोआप याच लकबी बाहेर पडतात. नवी पद्धत आठवायला थोडी उसंत लागते. जुनी पद्धत आठवावी लागतच नाही.

त्यामुळे प्रशिक्षणाचं काम नवीन काही सांगण्यापुरतं राहत नाही, अंगवळणी पडलेलं काहीतरी मोडावंही लागतं. आणि आपण ज्या वाटेनं प्रशिक्षण पोचवतो ती वाट सांगण्यासाठी बरी आहे, मोडण्यासाठी फारशी उपयोगी नाही.

पुण्यात सोडलेलं पाणी

पुण्यातली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद घटकसंच तयार करते. प्रत्येक जिल्ह्यातून निवडलेले काही जण तो शिकतात आणि राज्यस्तरीय सुलभक होतात. ते जिल्ह्याला येऊन तालुक्यांच्या सुलभकांना शिकवतात. तालुक्याचे सुलभक आपापल्या गटात येऊन शिक्षकांना शिकवतात. बुलढाणा जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे शिक्षकांच्या तोंडची 'डाएट', बुलढाण्याला घाटावर आहे. जळगाव जामोद घाटाखाली, पार सातपुड्याच्या पायथ्याशी. पुण्यात सुरू झालेली गोष्ट राजूर घाट उतरून तालुक्याला येते, आणि तिथून तिला भिंगारा, चाळीस टापरीकडच्या वर्गापर्यंत जायचं असतं.

कालव्याला पाणी सोडलं की टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं हे सांगायला नको. प्रशिक्षणाचंही तसंच होतं, पण एक फरक आहे. कालव्यात वाटेत मुरतं ते पाणीच आणि टेलला पोचतं तेही पाणीच, फक्त कमी. इथे मात्र वाटेत एक विशिष्ट भाग आधी मुरतो. पुण्यातल्या सत्रात अर्धा तास विवेचन असतं आणि मग दोन तास ते करून बघायचं असतं: एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी मूल व्हायचं, चुकायचं, थांबायचं, पुन्हा करायचं. जिल्ह्याला येईपर्यंत वेळ कमी पडतो आणि करून बघणं तासावर येतं. तालुक्याला सभागृहात माणसं जास्त, पंखे कमी, म्हणून "हे आपण आपापल्या शाळेत करून बघूया" असं ठरतं. टेलला पोचते ती पीडीएफ. जे तोंडानं सांगता येतं ते शेवटपर्यंत टिकतं, आणि जे हातानं करायचं ते पहिल्याच वळणावर जिरतं.

या साखळीची एक गंमत फारशी बोलली जात नाही. तिच्यात सर्वांत जास्त शिकतो तो सुलभक. उद्या चाळीस सहकाऱ्यांपुढे उभं राहायचं म्हणून तो रात्री घटकसंच पुन्हा वाचतो, उदाहरणं जमवतो, अडचणीचे प्रश्न कोण विचारणार याचा अंदाज बांधतो. प्रशिक्षणानं खरोखर बदललेले शिक्षक शोधायचे तर खुर्च्यांवर पाहण्याआधी माइकमागे पाहावं. दरवर्षी तेच ते सुलभक नेमण्याची सवय त्यामुळे मला महागडी वाटते.

गळती थांबवण्याचा एक उपाय म्हणून मधले सगळे टप्पे काढून टाकून पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेला 'निष्ठा' हा केंद्राचा कार्यक्रम आधी समोरासमोर होता. कोविडच्या काळात तो दीक्षा ॲपवर आला आणि थेट शिक्षकाच्या मोबाइलमध्ये शिरला. वाटेत काही मुरायचा प्रश्न मिटला. पण व्हिडिओ बघून, शेवटची चाचणी देऊन प्रमाणपत्र उतरवून घेणं हे एकट्याचं काम आहे. समोर ना मूल, ना सहकारी. मन लावून बघणारे शिक्षक होते आणि आहेत, पण व्हिडिओ एकीकडे लावून दुसरीकडे पोषण आहाराची नोंदवही भरता येते हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातच १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी यांसाठीही प्रशिक्षणाची अट आहे. पगाराची पायरी प्रमाणपत्राला जोडली की माणूस प्रमाणपत्रासाठी बसतो, आणि यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही.

रंगलेल्या फरशा

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि त्याबरोबर एक निराळी कल्पना पुढे आली. सरसकट सगळ्यांना एकच प्रशिक्षण देण्यापेक्षा ज्या शाळांत मुलं खरोखर शिकताहेत त्या शिक्षकांना दाखवाव्यात. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं शाळा बदलल्या होत्या. मूल स्वतः हाताळून, बोलून, चुकून ज्ञान घडवतं असं मानणारी ही पद्धत. राज्यभरातून शिक्षक त्या शाळा बघायला गेले. ऐकण्याऐवजी बघणं ही मोठीच सुधारणा होती, आणि अनेकांना तिथे पहिल्यांदा पटलं की जिल्हा परिषदेच्या शाळेतही हे होऊ शकतं.

पण परतल्यावर बऱ्याच शाळांत सर्वांत आधी काय बदललं? फरशा. वर्गाच्या जमिनीवर रंगीत चौकटी, संख्यारेषा, अक्षरांची जाळी आली. गावानं वर्गणी काढली, शिक्षकांनी सुट्टीत ब्रश धरला. काही ठिकाणी त्या फरशांवर मुलं खरोखर शिकू लागली. काही ठिकाणी फरशीवरच्या आकड्यांवर उभं राहून मुलं तेच जुने पाढे एका सुरात म्हणू लागली.

हे महाराष्ट्राचंच दुखणं आहे असं नाही. कॅलिफोर्नियात गणित शिकवण्याची पद्धत बदलायचं ठरलं, तेव्हा संशोधक डेव्हिड कोहेन यांनी एका शिक्षिकेचा वर्ग बारकाईनं पाहिला आणि १९९० साली त्यावर लेख लिहिला. तिला त्यांनी 'श्रीमती ऊब्लिए' असं टोपणनाव दिलं. बाई प्रामाणिक, उत्साही होत्या आणि आपला वर्ग पुरता बदलला आहे अशी त्यांची खात्री होती. साहित्य नवीन होतं, मुलं गटांत बसत होती. पण उत्तर बरोबर की चूक हे बाईच ठरवत, आणि ते का बरोबर यावर मुलांना बोलू देत नसत. नव्या साहित्यानं जुनाच तास चालला होता.

दुसऱ्याच्या शाळेतून डोळ्यांनी उचलता येतं ते साहित्य, मांडणी, रंग. प्रश्न विचारून किती वेळ थांबायचं, चुकीचं उत्तर आल्यावर चेहरा कसा ठेवायचा, कुठल्या मुलाकडे वळायचं, हे तासाभराच्या भेटीत दिसत नाही. पाहुणा मुलांकडे बघत असतो. बाईंच्या डोक्यात काय चाललंय हे त्याला कोणी सांगत नाही. पुन्हा लॉर्टींचाच मुद्दा.

बावन्न वजा सत्तावीस

मग शिक्षकाला नेमकं काय शिकवलं तर वर्ग हलतो? एक साधं उदाहरण घेऊ. तिसरीतल्या दोन मुलींनी ५२ − २७ हे गणित केलं आणि दोघींचं उत्तर आलं ३५. खरं उत्तर २५. दोघींच्या वहीत एकसारखी फुली पडते आणि फळ्यावर पुन्हा एकदा हातच्याची वजाबाकी समजावली जाते.

आता दोघींना विचारा, "कसं केलंस?" पहिली म्हणते, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच, आणि पाचातून दोन गेले, तीन. दुसरी म्हणते, एक दशक सुटा केला, बारातून सात गेले, पाच. आणि पाचातून दोन गेले, तीन. पहिलीला दशक मोडता येतो हेच उमगलेलं नाही. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे तिनं कधीतरी ऐकलेलं वाक्य ती इमानानं पाळते आहे. दुसरीला सगळं समजलं आहे, फक्त एक दशक खर्च झाल्यावर पाचाचे चार करायचे राहून गेले. पहिलीला दशकाचे दांडे आणि सुटे मणी हातात द्यावे लागतील. दुसरीचं काम अर्ध्या मिनिटात होईल. फळ्यावरचं समजावणं मात्र पहिलीच्या डोक्यावरून जातं आणि दुसरीला कंटाळा आणतं.

हे ओळखायला लागणारं ज्ञान म्हणजे निव्वळ गणित नव्हे. गणित शिक्षकाला येतंच. बालमानसशास्त्राच्या व्याख्यानातही ते मिळत नाही. या विषयात मुलं नेमकी कुठे आणि कशी घसरतात याची ती जाण आहे. १९८६ साली ली शुलमन यांनी विषय आणि अध्यापन यांच्या सांध्यावरच्या या ज्ञानाकडे लक्ष वेधलं. १९८९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या थॉमस कारपेंटर आणि एलिझाबेथ फेनेमा यांच्या गटानं पहिलीच्या ४० शिक्षकांबरोबरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या शिक्षकांची चार आठवड्यांची कार्यशाळा झाली. तिथे त्यांना शिकवण्याची कुठलीही तयार पद्धत दिली नाही. मुलं बेरीज-वजाबाकीची शाब्दिक उदाहरणं कोणकोणत्या वाटांनी सोडवतात एवढंच दाखवलं आणि पुढचं त्यांच्यावर सोपवलं. वर्षभरात हे शिक्षक मुलांचं जास्त ऐकू लागले, आणि त्यांची मुलं उदाहरणं सोडवण्यात पुढे गेली. घोकंपट्टीला कमी वेळ देऊनही साध्या बेरजा-वजाबाक्यांत ती मागे पडली नाहीत.

आपल्या घटकसंचांत धोरणाची उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्तींचे तक्ते आणि शासन निर्णयांचे दाखले यांनी किती पानं व्यापतात ते एकदा मोजून पाहावं, आणि मुलांच्या वहीतली चूक किती पानांवर दिसते तेही.

'गाय आला'

जळगाव जामोदमध्ये या मुद्द्याला आणखी एक पदर आहे. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत कोरकू, निहाली, भिलाला कुटुंबं आहेत. कोरकू ही मुंडा गटातली भाषा. नातं सांगायचं तर संथाळी, मुंडारीशी. मराठी आर्यभाषा. आणि निहाली या दोन्हींची कोणी नाही. जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरात असावेत असं मानतात, आणि त्यांची बरीचशी वस्ती याच तालुक्याच्या परिसरात, जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांत आहे. भाषाशास्त्रज्ञ के. एस. नागराज यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं ते इथलीच बोली नोंदवून. म्हणजे परस्परांशी नातं नसलेल्या तीन भाषा जिथे शेजारी नांदतात, तिथल्या वर्गात पहिलीचं मराठीचं पुस्तक उघडतं.

अशा वर्गात एखादं कोरकू मूल म्हणतं, "गाय आला." शिक्षकाला वाटतं, याचं लक्ष नाही, घरी कोणी बोलत नाही, अप्रगत आहे. पण कोरकूच्या व्याकरणात मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. तिथे भेद आहे सजीव आणि निर्जीव असा. मराठीत गाय 'आली', बैल 'आला' आणि वासरू 'आलं' या तिहेरी फरकाला मुलाच्या घरच्या भाषेत जागाच नाही. आपण इंग्रजी शिकताना 'अ' आणि 'द' कुठे लावायचं यात आयुष्यभर चाचपडतो, तेव्हा आपल्याला कोणी अप्रगत म्हणत नाही.

हे ज्याला कळलं तो शिक्षक वर्गात दोन गोष्टी निराळ्या करेल. त्या मुलाला चारचौघांत टोकणार नाही, आणि 'आला-आली-आलं' साठी प्राण्यांच्या चित्रांचा वेगळा, भरपूर सराव देईल. बदल छोटासा आहे. पण तो पुण्याहून येणाऱ्या घटकसंचात असू शकत नाही, कारण राज्यातल्या बहुतेक शिक्षकांना त्याची गरज नाही. कोल्हापूरच्या शिक्षकाला तो कशाला हवा?

आधी पटतं की आधी घडतं?

बहुतेक प्रशिक्षणांचा एक अध्याहृत क्रम असतो: आधी शिक्षकाची मानसिकता बदला, मग तो शिकवणं बदलेल, मग मुलं शिकतील. म्हणून उद्घाटनाच्या भाषणात 'मानसिकता' हा शब्द इतक्या वेळा येतो. अमेरिकी संशोधक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये हा क्रम उलटा मांडला. शिक्षक आधी काहीतरी करून बघतो. मुलांकडून प्रतिसाद आला की मग त्याचं मत बदलतं. प्रतिसाद आला नाही तर कितीही प्रभावी भाषण ऐकलेलं असो, तो गपचूप जुन्या वाटेला लागतो.

समजा शिक्षकाला सांगितलं की गोष्ट सांगून झाल्यावर दहा मिनिटं मुलांना कोरकूतच तिच्याबद्दल बोलू द्या. तो म्हणणार, "मग मराठी कधी शिकतील?" या शंकेवर युक्तिवाद करून उपयोग होत नाही, आणि शंका वाजवीही आहे. पण त्यानं ते दोन आठवडे केलं, आणि एरवी मान खाली घालून बसणारं मूल गोष्टीतल्या कोल्ह्यावर चार वाक्यं बोललं, अगदी कोरकूत का होईना, तर शंकेचं ओझं बरंच हलकं होतं. पुढच्या भाषणाची गरज उरत नाही.

अडचण अशी की कुठलीही नवी पद्धत सुरू केली की पहिले काही आठवडे वर्ग आधीपेक्षा वाईट दिसतो. गोंगाट वाढतो, पाठ्यपुस्तक मागे पडतं, शिक्षकाला स्वतःलाच अवघडल्यासारखं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात तपासणी आली आणि "किती धडे झाले?" असं विचारलं गेलं, तर प्रयोग तिथेच संपतो. प्रशिक्षण वाया गेलं असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ते या खड्ड्यात पडलेलं असतं.

वर्गात आलेला दुसरा माणूस

खड्ड्यातून बाहेर काढायला कोणीतरी लागतं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८०च्या सुमारास हेच सांगितलं: नुसतं सांगून वर्गात फारसं काही उतरत नाही, दाखवून आणि सराव देऊन थोडं जास्त उतरतं, पण खरा फरक पडतो तो कोणी वर्गात येऊन हात धरला की. प्रशिक्षणांच्या स्लाइडवर त्यांच्या नावानं ९५ टक्के असा आकडा झळकतो. तो अंदाज समजावा, मोजमाप नव्हे.

मोजमाप पाहायचं तर दक्षिण आफ्रिकेत जावं लागतं. तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांतात १८० शाळांत लहान मुलांच्या मातृभाषा-वाचनावर प्रयोग झाला. काही शाळांच्या शिक्षकांना वर्षातून दोनदा केंद्रावर बोलावून दोन-दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाच्या वर्गात दर महिन्याला एक अनुभवी मार्गदर्शक जात असे. पाठांचे आराखडे आणि साहित्य दोन्हीकडे तेच होतं. दोन वर्षांनी वर्गात मार्गदर्शक जाणाऱ्या गटातल्या मुलांच्या वाचनातली वाढ केंद्रावरच्या प्रशिक्षणाच्या जवळजवळ दुप्पट निघाली. ही पद्धत महाग आहे, माणसं जास्त लागतात. तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आपल्या देशातली गोष्ट जास्त बोलकी आहे. 'प्रथम' संस्थेनं अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांबरोबर बिहारमध्ये प्रयोग केला. २००८च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनी प्रथमच्या पद्धतीनं शिकवलं आणि मुलं पुढे गेली. शाळेच्या वर्षात मात्र सरकारी शिक्षकांना तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण देऊनही, स्वयंसेवकांची जोड नसलेल्या शाळांत काही हललं नाही. म्हणजे शिक्षकांना पद्धत येत होती. शाळा सुरू झाल्यावर इयत्तेचं पुस्तक पूर्ण करण्याची घाई आली आणि पद्धत बाजूला पडली. पुढे हरियाणात २०१२-१३ मध्ये दिवसाचा एक तास फक्त या कामासाठी राखून ठेवला, त्या तासाला मुलं इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवली. शाळांना भेट देणाऱ्या साधनव्यक्तींनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकवून पाहिलं, मगच शिक्षकांना शिकवलं. तिथे मुलांचं हिंदी वाचन सुधारलं.

महाराष्ट्रात हा वर्गात येणारा दुसरा माणूस कागदावर आहेच. १९९४ साली राज्यात ४,८६० केंद्रप्रमुखांची पदं निर्माण झाली. एका केंद्रातल्या शाळांना भेटी द्यायच्या, आदर्श पाठ घ्यायचा, शिक्षकांच्या अडचणी सोडवायच्या, असं ते काम. पुढे अनेक पदं रिक्त राहिली, आणि जे आहेत त्यांचा दिवस माहितीचे तक्ते गोळा करण्यात जातो. त्यातही एक पेच आहे. जो माणूस शेरा लिहिणार, त्याच्यापुढे "सर, मला हे जमत नाही" असं कोणता शिक्षक म्हणेल? तपासणारा आणि शिकवणारा एकच असला की अडचणी लपवल्या जातात.

> चौकट: प्रशिक्षणांची वंशावळ
>
> १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर देशभर 'पीमॉस्ट' झालं, सुट्टीतलं दहा दिवसांचं सामूहिक प्रशिक्षण. जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट उभ्या राहिल्या त्याही याच धोरणातून. नव्वदच्या दशकात एसओपीटी आणि महाराष्ट्रात 'स्मार्ट पीटी' आलं. जुन्या शिक्षकांना ही नावं अजून पाठ आहेत. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला वर्षाला २० दिवसांपर्यंत प्रशिक्षण मिळू लागलं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याची प्रशिक्षणं सुरू झाली. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, २०१९ मध्ये निष्ठा, २०२१ मध्ये पायाभूत वाचन-गणितासाठी निपुण भारत. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे.

महिन्याचे पाच तास

पन्नास तास पुरेसे आहेत का? २००७ साली अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणावरच्या तेराशेहून अधिक अभ्यासांची छाननी झाली. काटेकोर कसोटीला त्यातले नऊच उतरले, त्यामुळे निष्कर्ष बेतानंच घ्यावा. पण त्या नऊंत असं दिसलं की १४ किंवा त्याहून कमी तासांच्या प्रशिक्षणाचा मुलांच्या शिकण्यावर ठाशीव परिणाम नव्हता, आणि जिथे तास सरासरी ४९ होते तिथे तो चांगला होता. म्हणजे आकडा ठीक आहे. प्रश्न तो कसा कापायचा याचा.

एका दमात आठ-नऊ दिवस बसवलं तर पन्नास तास जूनमध्येच संपतात, आणि ऑगस्टमध्ये ५२ − २७ अडतं तेव्हा हातात काही नसतं. तेच दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला पाच तास येतात. पाच तास म्हणजे शिक्षण परिषदेचा एक दिवस. आणि ही परिषद आपल्याकडे आहेच. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, पाठ होतो, चर्चा होते. २०१६ पासून राज्यातल्या नऊ जिल्ह्यांत ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टच्या साथीनं चाललेल्या 'तेजस' प्रकल्पात इंग्रजीच्या शिक्षकांचे असेच छोटे गट नियमित भेटत. त्यांचा समन्वयक शेजारच्या शाळेतला शिक्षकच असे, त्याच्या हातात शेऱ्याची वही नसे.

जळगाव जामोदच्या सातपुड्याकडच्या केंद्रांत अशा परिषदेला येताना प्रत्येकानं फक्त वह्या आणल्या तरी दिवस भरेल. प्रत्येक शाळेतल्या पाच मुलांच्या, चुकलेल्या. कोरकू घरातली मुलं मराठीत कुठे अडतात, निहाली घरातली कुठे, भिलाला घरातली कुठे, याचा तक्ता वर्षभरात तयार होईल. गावातली एखादी शिकलेली कोरकू ताई परिषदेला बोलावली तर तक्त्यातल्या निम्म्या कोड्यांचं उत्तर ती तिथल्या तिथे देईल. निहाली बोलणारं मूल मराठी शिकताना कुठे अडखळतं, हे रोज बघणारी माणसं महाराष्ट्रात दुसरीकडे शोधायला जायची सोय नाही. ती आहेत ती इथल्याच मोजक्या शाळांतले शिक्षक. पण निहाली मुलं असलेल्या शाळा वेगवेगळ्या केंद्रांत विभागलेल्या असतील, तर ते शिक्षक महिन्याला वेगवेगळ्या सभागृहांत बसतात. वर्षातून दोन परिषदा केंद्राच्या सीमा ओलांडून, भाषेप्रमाणे घेता येतील. त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं एक पत्र पुरेल.

परिषदेच्या विषयपत्रिकेत बहुधा पहिली येतात ती परिपत्रकं, मग यु-डायसची माहिती, शिष्यवृत्ती, आधार नोंदणी, ऑनलाइन भरायच्या लिंक. पाठ आणि चर्चा त्यानंतर, जेवणाच्या आसपास. हा क्रम उलटा केला तरी कामं अडायची नाहीत. परिपत्रकं आदल्या रात्रीच केंद्राच्या ग्रुपवर येऊन पडलेली असतात.